'एकच प्याला' : अलंकार आणि शोकात्म अर्थ

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे 'एकच प्याला' बडोद्यास रंगभूमीवर आणले. या नाटकाच्या भाषेवर अलंकारांच्या सोसाचा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. रामलालची काही भाषणे प्रसंगाला पेलत नाहीत. तथापि, ज्या शब्दबंधावर नाटकाची शोकात्मता उभी आहे तो स्वतःच एक अलंकार आहे, हे आक्षेपकांच्या ध्यानी येत नाही.

तो शब्दबंध म्हणजे नाटकाचे शीर्षक. वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्यामुळे मानी सुधाकर व्याकुळ झाला असता तळीराम त्याच्यापुढे मद्य ठेवतो. तेथे 'एकच'मधील 'च' न्यूनोक्तीचे काम करतो : फार नव्हे, केवळ एक. पुढे सुधाकरच रामलालला व्यसनाच्या अवस्था समजावून सांगतो, तेव्हा तो शब्द संख्यावाचक उरत नाही; अधःपाताच्या प्रत्येक पायरीचा तो आरंभ ठरतो. अखेरीस पेल्यात विष कालवले जाते आणि तो प्याला खरोखरच एकच, शेवटचा, होतो. प्रारंभी जे असत्य होते ते मृत्यूच्या क्षणी अक्षरशः सत्य ठरते. शब्द मात्र एका अक्षरानेही बदललेला नसतो.

तळीरामाच्या आर्यमदिरामंडळातील व्याजस्तुतीही निव्वळ करमणूक नव्हे. सभासंस्थांची सुशिक्षित भाषा तेथे मद्याच्या मंडनासाठी राबते. प्रेक्षक हसतो, आणि ज्या युक्तिवादाने सुधाकर बुडाला त्यालाच क्षणभर मान डोलावतो.

नामश्लेषही पाहण्याजोगा आहे. सुधाकर म्हणजे चंद्र, सिंधू म्हणजे समुद्र. आणि पुराणकथेत चंद्र, अमृत, वारुणी व हलाहल ही एकाच मंथनातून निघाली. नाटककाराचा हेतू काही असो, अमृताचे नाव धारण करणारा पुरुष वारुणीतून विषाकडे जातो, ही विसंगती पुराण जाणणाऱ्या प्रेक्षकाला जाणवल्यावाचून राहत नाही.

या सर्व शब्दवैभवात सिंधूची भाषा त्या मानाने साधी आहे. नवऱ्याच्या आघाताने मरणोन्मुख झालेली ती पोलिसांपुढे आपण पडल्याचे सांगते. तळीरामाचे असत्य शब्दांनी नटलेले होते. सिंधूच्या असत्याला अलंकाराचा स्पर्शही नाही.