जुना कॅमेरा उघडण्यापूर्वी



शाळेच्या जुन्या फोटोंचे प्रदर्शन भरवायचे ठरले, तेव्हा सातवीच्या एका मुलाने आजोबांच्या ट्रंकेतला आगफा क्लिक-३ माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी कौतुकाने मागचे झाकण उघडले. आत अर्धा वापरलेला रोल होता! तोही मी उलगडून पाहिला. आजोबा आज हयात नाहीत, आणि त्या रोलवर कोणाचे फोटो होते ते आता कधीच कळणार नाही. चूक सर्वस्वी माझी. मुलगा बिचारा काहीच बोलला नाही.

हा कॅमेरा आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनत असे. त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांच्या माळ्यावर तो अजून असेल. त्यात १२० नंबरचा रोल लागतो. हा रोल कोडॅकने १९०१ साली आणला. फिल्मच्या पाठीला काळा कागद, कागदावर आकडे, आणि ते आकडे पाहायला कॅमेऱ्याच्या मागे छोटी लाल खिडकी. एक फोटो काढला की पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची. विसरलात तर एकाच फोटोत मामाच्या डोक्यावर देवळाचा कळस! एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढला जाई.

आता महत्त्वाचे. लाल खिडकीत आकडा किंवा कागद दिसला तर झाकण उघडू नका. चावी सावकाश फिरवत राहा. ती एकदम हलकी झाली की सगळी फिल्म कागदात गुंडाळली गेली असे समजा. मग सावलीत उघडून रोल घट्ट धरा आणि कागदाचे टोक चिकटवा. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यात डावीकडची चकती बाणाच्या दिशेने हळूच फिरवून पाहा. ताण लागला तर आत फिल्म आहे. अशा वेळी खालचे बटण दाबून फिल्म आधी डबीत परत गुंडाळायची.

कॅमेरा वापरायचा असेल तर १२० चे रोल आजही तयार होतात. ६२० नंबरची फिल्म तेवढ्याच रुंदीची, पण तिच्या रिळाचा दांडा बारीक. ती १९९५ मध्ये बंद झाली. हौशी लोक अंधारात १२० ची फिल्म जुन्या रिळावर गुंडाळून घेतात. क्लिकमध्ये १०० स्पीडची फिल्म घाला, उन्हात फोटो काढा आणि माणसाला दहा फुटांच्या पलीकडे उभे करा. लाल खिडकीवर काळी पट्टी लावा, आकडा बघण्यापुरतीच उचला. फार जुन्या फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नसे. आजच्या फिल्मवर होतो.

धुतलेल्या नेगेटिव्हही रद्दीत घालू नका. १२० ची नेगेटिव्ह ३५ मिमीच्या साडेतीन पट मोठी असते, त्यामुळे बारीकसारीक चेहरेही ओळखू येतात. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर ती थोडी उंच धरून दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा आणि रंग उलटे करा. मुलांना हे लगेच जमते. कडेने धरा, कागदी पाकिटात ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या नेगेटिव्ह खराब होऊ लागलेल्या असतात, त्या वेगळ्या काढून आधी त्यांचे फोटो काढून घ्या.

त्याच ट्रंकेत नेगेटिव्हचे एक पाकीट निघाले. एकीत आपले पटांगण आहे, चिंचेखाली मुलांची रांग. ती प्रदर्शनात पहिल्या फळ्यावर लावली आहे. रांगेतले कोणी ओळखू आल्यास कार्यालयात नावे कळवावीत.