लुटुपुटीची लढाई आणि खऱ्या कबरी

वाचकहो, स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहराच्या पूर्वेला, समुद्रकाठी, प्रेस्टनपॅन्स नावाचे गाव आहे. सप्टेंबर महिन्यात या गावाजवळ अनेकदा एक आगळी लढाई भरते. एका बाजूला लाल डगले घातलेले सरकारी शिपाई, दुसऱ्या बाजूला चौकटीची लोकरी वस्त्रे नेसलेले डोंगरी गडी. बंदुका कडाडतात, धुराचे लोट उठतात, माणसे धडाधड पडतात. थोड्या वेळाने पडलेले सगळे अंग झटकून उठतात, आणि बघायला आलेली पोरेटोरे टाळ्या वाजवतात.

खरी लढाई तिथे २१ सप्टेंबर १७४५ रोजी पहाटे झाली. दोन्हीकडे मिळून चार-पाच हजार माणसे. नुकतीच कापणी होऊन शेतात धसकटे उरली होती. मध्ये दलदल होती, पण त्या भागाच्या माहीतगार माणसाने बंडवाल्यांना तिच्यातून पायवाट दाखवली. उजाडताच त्यांनी हल्ला केला आणि पाव तासात सरकारी फौज उधळली. तेव्हा मात्र पडलेले उठले नाहीत.

हा खेळ का करतात, आणि त्यावरून आजही वाद का होतो, ते समजून घेण्यासारखे आहे.

गादीची भाऊबंदकी

मूळ भांडण गादीचे. ब्रिटनचा राजा जेम्स स्टुअर्ट कॅथलिक पंथाचा होता. १६८८ साली त्याची गादी गेली आणि त्याची प्रॉटेस्टंट मुलगी व जावई राज्यावर आले. पुढे १७१४ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याचा जॉर्ज राजा झाला. जेम्सला लॅटिन भाषेत जॅकोबस म्हणतात, म्हणून त्याच्या वंशाची बाजू घेणाऱ्यांना जॅकोबाइट हे नाव पडले. १६८९, १७१५, १७१९ आणि १७४५ अशी चार वेळा त्यांनी बंडे केली.

शेवटच्या बंडाचा म्होरक्या होता जेम्सचा नातू, चार्ल्स एडवर्ड. वय चोवीस वर्षे. १७४५ च्या जुलैत तो मोजक्या सोबत्यांनिशी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला, आणि १९ ऑगस्टला ग्लेनफिनन येथे त्याने निशाण उभारले. प्रेस्टनपॅन्स जिंकून तो डिसेंबरात इंग्लंडमध्ये थेट डर्बीपर्यंत गेला. तिथे मात्र त्याच्या सरदारांनी माघारीचा आग्रह धरला. इंग्लंडमध्ये म्हणावी तशी साथ मिळाली नव्हती आणि फ्रान्सची कुमकही आली नव्हती.

कुळाला नाही म्हणता येत होते का?

आता शेतकरी वाचकांनी लक्ष द्यावे असा भाग. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात टोळीचा प्रमुख हाच बहुधा जमिनीचा धनी असे. कुळांनी ओट पिकवायचे, काळी गुरे पाळायची, खंड भरायचा आणि प्रमुखाने हाक दिली की हत्यार घेऊन निघायचे. काही जण मनापासून गेले. कुणाला जुने घराणे प्रिय होते, कुणाला आपला धर्मपंथ. १७०७ मध्ये स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाली होती, तेही अनेकांना सलत होते. पण सगळेच खुशीने गेले नाहीत. ‘आलो नाही तर घराचे छप्पर जाळू, गुरे हाकून नेऊ, अशी धमकी मिळाली,’ असे पुढे पकडलेल्या अनेकांनी कोर्टात सांगितले. फाशी चुकवण्यासाठी काही जण खोटेही बोलले असतील. पण अशा धमक्या दिल्या जात होत्या, हे खरेच आहे.

घरेही दुभंगली. मॅकिन्टॉश टोळीचा प्रमुख सरकारी फौजेत कॅप्टन होता, तर त्याची तरुण बायको अ‍ॅन हिने त्याच टोळीतली माणसे राजपुत्रासाठी जमवली. लोक तिला कर्नल अ‍ॅन म्हणू लागले.

कलोडनचा माळ

१६ एप्रिल १७४६. इनव्हर्नेसजवळचा कलोडनचा ओलसर माळ. समोर राजाचा मुलगा ड्यूक ऑफ कंबरलंड. तोही पंचविशीचाच, आणि नात्याने राजपुत्राचा लांबचा भाऊबंद. आदल्या रात्री जॅकोबाइटांनी शत्रूच्या तळावर छापा घालायचे ठरवले होते. रात्रभर अंधारात चालूनही वेळ साधली नाही आणि पहाटे हात हलवीत परतावे लागले. माणसे उपाशी होती. आदल्या दिवशी माणशी एक बिस्किट, एवढाच शिधा कित्येकांच्या वाट्याला आला होता. अशा फौजेला तोफांसमोर उभे केले. तासाभराच्या आत सारे संपले. जॅकोबाइटांचे दीड हजाराच्या आसपास लोक पडले असावेत, तर सरकारी हिशेबात त्यांचे मेलेले सुमारे पन्नास.

पण खरे हाल पुढे झाले. जखमींनाही मारण्यात आले. खेडी जाळली, हजारो गुरे हाकून नेऊन विकली. ज्याची गुरे गेली त्याचा हिवाळा कसा गेला असेल, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. साडेतीन हजारांच्या आसपास कैदी झाले. साध्या शिपायांच्या चिठ्ठ्या टाकत. वीस जणांत एकावर खटला चाले आणि बाकीच्या पुष्कळांना साता समुद्रापार पाठवले जाई. सुमारे १२० जणांना देहदंड झाला. डोंगरी पोशाखावर कायद्याने बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली.

आणि राजपुत्र? तो पाच महिने रानोमाळ लपत राहिला. एकदा तर फ्लोरा मॅकडोनाल्ड नावाच्या तरुणीने त्याला मोलकरणीचे सोंग देऊन वाचवले. सप्टेंबरात तो फ्रेंच जहाजातून निसटला आणि १७८८ साली रोममध्ये वारला. ज्यांना त्याने रणात आणले, त्यांच्यापैकी कित्येकांना धड वेगळी कबरही मिळाली नाही.

सोंग वठवताना

लुटुपुटीची लढाई करणारे बहुतेक हौशी लोक असतात. आठवडाभर आपापली नोकरी करायची आणि सुट्टीत अठराव्या शतकात जायचे. जुनी चित्रे व कागदपत्रे पाहून कपडे शिवतात. तलवारींना धार नसते, बंदुकीत दारू असते पण गोळी नसते. शेजारी तळ पडतो. चुलीवर रांधणे, सूत कातणे, जखमेला पट्टी बांधणे हेही दाखवतात. एक बाजू अपुरी पडली तर तिकडचा गडी इकडेही उभा राहतो. या अदलाबदलीत शहाणपण आहे. सकाळी बंडवाला आणि दुपारी लाल डगलेवाला झालेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी भीती कशी दिसते ते थोडेफार कळते.

१९६४ साली पीटर वॉटकिन्स यांनी कलोडनवर बीबीसीसाठी चित्रपट केला, तोही असाच. नावाजलेले नट न घेता साधी माणसे घेतली, आणि जणू बातमीदार कॅमेरा घेऊन रणात हजर आहे असे दाखवले. कोणता कूळकरी कशासाठी आला, त्याच्याजवळ काय होते, हे त्यात सांगितले आहे. तो पाहून पुष्कळांच्या मनातले राजपुत्राचे गोजिरे चित्र पुसले गेले.

वाद कशाचा?

पहिला वाद हा की ही लढाई कोणाकोणाची? ‘स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड’ असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. कलोडनवर सरकारी बाजूने स्कॉट पलटणी होत्या, कॅम्पबेल टोळीचे डोंगरीही होते. जॅकोबाइटांच्या बंडात मँचेस्टरचे इंग्रजही सामील झाले होते, फ्रान्सच्या नोकरीतले आयरिश होते. वेषावरून आपला-परका ओळखणे कठीण, म्हणून टोपीवरचे फुल पाहत. पांढरे ते जॅकोबाइटांचे, काळे ते सरकारचे. १८८१ मध्ये माळावर टोळ्यांच्या नावांचे दगड बसवले. तिथल्या एका दगडावर इंग्रज मृतांचा उल्लेख आहे. पण सरकारी बाजूने पडलेल्यांत स्कॉटही होतेच. दगडावर एकदा कोरले की पिढ्यान् पिढ्या लोक तेच खरे मानतात.

दुसरा वाद जागेचा. कलोडनच्या माळाची निगा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था राखते. तिथे मातीखाली माणसे पुरली आहेत, म्हणून त्या कबरींवर लुटुपुटीची लढाई खेळत नाहीत. दरवर्षी एप्रिलमध्ये लोक जमतात, प्रार्थना होते, फुले वाहतात. माळाच्या आसपास घरे बांधावीत का, यावरूनही तंटे झाले आहेत. अलीकडे एका लोकप्रिय दूरदर्शन मालिकेमुळे फ्रेझर टोळीच्या दगडाशी इतकी रीघ लागली की भोवतालची जमीन झिजू लागली. मालिकेतला नायक कल्पित आहे. त्या दगडापाशी पुरलेली माणसे मात्र खरी.

आपल्या मातीपर्यंत

या कहाणीचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. बंड मोडल्यावर सरकारने याच डोंगरी मुलखातून पलटणी उभारल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. तिच्यात ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलंडर पलटणी होत्या. ७८ वी पलटण सीफोर्थच्या मॅकेन्झी घराण्याने उभारलेली. १७१५ च्या बंडात याच घराण्याचा प्रमुख जॅकोबाइटांकडून लढला होता आणि त्याची सरदारकी जप्त झाली होती. ज्या राज्याविरुद्ध आजे-पणजे उठले, त्याच राज्यासाठी नातू-पणतू आपल्या शेतांत येऊन मेले आणि त्यांनी मारलेही.

वाचकहो, आपल्या मुलांना इतिहासातल्या लढाया दाखवताना राजा, तलवार आणि घोडा दाखवणे सोपे असते. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. हा शिपाई घरून खुशीने निघाला होता का? त्याच्या समोरचा माणूस कोण होता? आणि लढाई झाल्यावर त्याच्या घरी गुरे किती उरली?