दस्तुरीच्या पुढचं ओझं

नेरळहून घाट चढून आलेली गाडी कितीही महागडी असो, माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर थांबतेच. पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉज स्थानकाहून छोट्या रेल्वेगाडीने. पर्यटकाला यातच माथेरानची गंमत वाटते. पण त्याच्या नाश्त्याची अंडी, चहाचं दूध, आंघोळीच्या पाण्यासाठीचा गॅस हेसुद्धा याच नाक्यावर उतरतं आणि तिथून पुढे कुणालातरी ते न्यावंच लागतं.

मला हे सकाळचं काम बघायचं होतं. टेम्पो रिकामे होताना बोलणं फार होत नाही. भाजीच्या गोण्या, बाटलीबंद पाणी, सिलिंडर, कुणाच्या दुरुस्तीला लागणारं सिमेंट यांचे ढीग लागतात आणि मालवाहू घोडे एकेक करून पुढे घेतले जातात. दोन्ही बाजूंना सारखं वजन, ही पहिली अट. एक बाजू जड झाली की ओझं सरकतं आणि घोड्याची पाठ सोलते. म्हणून घोडेवाला गोणी हातात धरून क्षणभर तोलतो, दोर आवळतो, मग पोटाखालचा पट्टा पुन्हा एकदा तपासतो. स्वारीच्या घोड्यांचा थाट वेगळा. त्यांना स्वच्छ खोगीर, क्वचित कपाळावर रंगीत गोंडा. गिऱ्हाईक बसलं की सूचना ठरलेली, 'साहेब, चढताना पुढे झुका, उतरताना मागे.' बहुतेक साहेब नेमकं उलटं करतात.

रस्ता जांभ्याचा. उन्हाळ्यात लाल धूळ बुटांत, केसांत, चहाच्या कपातही जाते. पावसात त्याचाच चिखल होतो. काही भागांत पेव्हर ब्लॉक आले. चालणाऱ्याला ते बरे वाटतात, पण त्यांवर घोड्याची नाल घसरते, अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे. ती मला पटते. ओझं घेऊन उतरणारा घोडा फरशीवर पाय टाकताना किती बिचकतो, हे बाजूने चालल्याशिवाय कळत नाही.

इथल्या धंद्याचं वर्ष सरळ नाही. मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात पॅनोरमा पॉइंटपासून लुइझा पॉइंटपर्यंत गर्दी असते. जून उजाडला की छोट्या गाडीचा नेरळ ते अमन लॉज हा मार्ग बंद होतो. नेरळ ते माथेरान ही २१ किलोमीटरची अरुंद लाइन आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली, ती १९०७ साली सुरू झाली. २६ जुलै २००५च्या पावसात तिचे रूळ वाहून गेले आणि ती पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं. पावसाळ्यात अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल धावते. पूर्वी पावसात हॉटेलांना कुलपं लागत. आता शनिवार-रविवारी भिजायला येणारी मुंबईकर मंडळी असतात. इको पॉइंटवर धुक्यापलीकडे काहीच दिसत नाही, तरी तिथे फोटोसाठी रांग लागते. घोड्यांना मात्र पावसाळा जड जातो. खूर ओले राहतात, खोगिराखालची कातडी सुकत नाही, पाठीला जखम झाली तर ती चिघळते. गिऱ्हाईक घटलं म्हणून चारा घटत नाही.

आणि हातरिक्षा. एकजण पुढून ओढणार, दोघे मागून ढकलणार, आत एक माणूस ऐसपैस. चढावर रिक्षावाल्यांचे श्वास ऐकू येतात. त्यात बसणं मला कधी जमलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि रिक्षा ओढणाऱ्यांना गुजरातमधल्या केवडियासारख्या पद्धतीने ई-रिक्षा भाड्याने देण्याचा मार्गही सुचवला. २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालेल्या या डोंगरावर ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या त्या २०२२च्या अखेरीस. हा निकाल यायला एवढी वर्षं लागावीत, याचंच आश्चर्य.

घोडेवाल्यांचं गणित मात्र निराळं आहे. दस्तुरी ते बाजारपेठ हा त्यांचा रोजचा, खात्रीचा फेरा, आणि ई-रिक्षाही त्याच रस्त्यावर. म्हणजे पहिलं नुकसान स्वारीच्या घोड्याचं. बाजारापलीकडे, शार्लोट तलावाच्या बाजूला झाडांत दडलेल्या जुन्या बंगल्यांकडे जाणाऱ्या मुळांनी भरलेल्या पायवाटांवर चाक चालायचं नाही. तिथलं सिलिंडर तूर्त तरी घोड्याच्याच पाठीवर जाणार, आणि त्या फेरीतून महिनाभराचा चारा निघतो का, हाच घोडेवाल्यांपुढचा प्रश्न आहे.