चिठ्ठी यंत्राची, धीर कोणाचा ?

डॉक्टरांचें अक्षर हा आम्हां शाळामास्तरांच्या थट्टेचा जुना विषय. २०१६ सालीं भारतीय वैद्यक परिषदेनें औषधांचीं मूळ नांवें सुवाच्य, शक्य तर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीं, असा नियम केला. आतां तर कित्येक रुग्णालयांत चिठ्ठी संगणकावरच तयार होते. हा लाभ लहान नव्हे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटींचें अंतर; घाईच्या अक्षरांत तें सहज हरवतें. नवख्या डॉक्टराच्या मनावरील तेवढा भार यंत्र खास हलका करतें.

परंतु रोगी बरा होणार नाहीं असें ठरल्यावर काय ? इंदापूर तालुक्यांतील एखाद्या आरोग्य केंद्रांत नुकताच रुजू झालेला तरुण डॉक्टर डोळ्यांपुढें आणावा. कर्करोगाच्या वेदनांनीं तळमळणाऱ्या आजोबांस मॉर्फीन हवें आहे. तें साधारणपणें दर ४ तासांनीं द्यावें, सोबत रेचक असावें, इतकें यंत्र सांगेल. पण 'माझ्याच हातून यांचा मृत्यु ओढवला तर ?' ही त्याची भीति यंत्रास दिसत नाहीं. थोड्या मात्रेनें आरंभ करून वेदनेच्या मानानें वाढवीत नेलेलें मॉर्फीन आयुष्य तोडीत नाहीं, हें पुस्तकांत आहे; त्यावर विश्वास मात्र अनुभवी डॉक्टराशेजारीं उभें राहूनच बसतो. उत्तरांची यादी हातीं दिल्यानें विद्यार्थ्यास गणित येत नाहीं, तसेंच हें.

शिवाय यंत्राची वाट नेमकी येथेंच अडते. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें डॉक्टर व दुकानदार मॉर्फीनपासून दूरच राहूं लागले. २०१४ सालीं दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. पुढें २०२० सालीं दूरवैद्यकाचे नियम झाले, त्यांत अशीं औषधें दुरून लिहून देण्यास मनाई ठेवली. गैरवापर टाळावा हा हेतु योग्यच. परंतु त्या नियमांनुसार दूरचा तज्ज्ञ सल्ला देईल, मॉर्फीनची चिठ्ठी देणार नाहीं. ती सही रोग्यापाशीं बसलेल्यानेंच करावयाची.

म्हणून तयारीहि रोग्यापाशींच व्हावी. बारामतीस २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यास वारजे येथें १९९७ पासून सिप्ला संस्थेचें केंद्र कर्करोग्यांची विनामूल्य वेदनाशामक शुश्रूषा करीत आलें आहे. अशा ठिकाणीं कांहीं दिवस राहून कटु वार्ता कशी सांगावी, मात्रा कशी वाढवावी, हें विद्यार्थ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें तर केवढें काम होईल !

आणि आपण घरच्यांनीं ? 'आजोबांना कांहीं सांगूं नका' असें डॉक्टरास दाराशींच बजावण्याची आपली रीत आहे. तीमागें माया असते. पण तिच्यामुळें डॉक्टराचें तोंड बंद होतें आणि आजोबांना काय हवें तें कोणीच विचारीत नाहीं. तरुण डॉक्टर घरीं आला म्हणजे त्यास बसावयास पाट द्यावा, आजोबांना बोलूं द्यावें, 'दुखणें कमी होईल ना ?' एवढेंच विचारावें. त्याचा निम्मा धीर आपल्याच घरांतून येतो.