निखळलेला दात पुन्हा रुजतो

या रे पोरांनो, जवळ सरका. मधल्या सुट्टीत नळाला तोंड लावून पाणी पिताना मागून कुणी ढकललं, तर मार कुणाला बसतो, सांगा बरं? वरच्या पुढच्या दोन दातांना! दुधाचे पडून हे नवे येतात सातव्या-आठव्या वर्षी, म्हणजे ऐन पकडापकडीच्या दिवसांत. चिनू, आ कर बघू. कडेला तीन बारीक उंचवटे दिसतात ना? दात नवाकोरा असल्याची ती खूण. चावून चावून ते झिजून जातील.

वरचं पांढरं ते एनॅमल. आपल्या शरीरात त्याहून कठीण काही नाही, हाडसुद्धा नाही. पण त्यात एकही जिवंत पेशी नसते. म्हणून मोडलेलं हाड सांधतं, दाताचा उडालेला टवका मात्र आपोआप भरून येत नाही. (टवका सापडला तर सोबत न्या हं, पुष्कळदा डॉक्टर तोच परत चिकटवतात.)

खरी करामत मुळाशी आहे. दात हाडात घट्ट रुतलेला वाटतो, पण तसं नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर फट असते आणि त्या फटीतले असंख्य तंतू दाताला झोपाळ्यासारखं टांगून धरतात. दात मुळासकट निखळला की हे तंतू तुटतात. काही खोबणीत राहतात, काही मुळाबरोबर बाहेर येतात, आणि त्यांच्यातल्या पेशी अजून जिवंत असतात! दात लगेच जागेवर बसवला, तर तंतू पुन्हा जुळतात. तुमच्या वयाला तर आणखी एक वरदान आहे. या दाताचं मूळ दहाव्या वर्षापर्यंत पुरतं बनलेलं नसतं, टोक उघडं असतं. तिथून रक्तवाहिन्या पुन्हा आत शिरू शकतात. मोठ्यांच्या दाताला हे भाग्य नाही.

पण वेळ थोडा असतो. दात कोरडा पडला, तर अर्ध्या तासात बहुतेक पेशी मरतात. मग हाड मुळालाच चिकटतं, हळूहळू मूळ खाऊन टाकतं. जबडा वाढत जातो, दात तिथंच राहतो. म्हणून दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका, चोळू तर मुळीच नका. माती लागली असेल तर दुधानं हलकेच धुवा, खोबणीत सरळ बसवा, रुमाल चावून धरा आणि थेट दातांच्या डॉक्टरांकडे. बसवायचा धीर होत नसेल, तर दात थंड दुधात टाकून न्या.

"आजोबा, पाण्यात का नाही?"

छान विचारलंस! साधं पाणी पेशींच्या आत शिरतं, त्या फुगून फुटतात. दुधातल्या क्षार-साखरेचं प्रमाण आपल्या पेशींना मानवतं, म्हणून त्या काही तास तग धरतात. उशीर झाला तरी दात फेकू नका, डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. त्याच्या वर, हाडाच्या आत, कायमचा दात घडत असतो. रेटा बसला तर त्याला इजा होऊ शकते. निखळलेला दुधाचा दात खुशाल उंदराच्या बिळात टाका, पण आधी डॉक्टरांना हिरडी दाखवून या.