टरफलाचे मोल, चरबीचा हिशेब

कांदा चिरण्याआधी जे टरफल आपण केरात टाकतो, त्यात क्वेर्सेटिन हे द्रव्य आतल्या गरापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. नाशिककडच्या कांदाचाळींत टरफलांना तोटा नाही. त्यामुळे क्वेर्सेटिनबद्दल ‘कचऱ्यातून चरबीवर औषध’ अशी बातमी आली, की ती चटकन पटते. तिला आधारही आहे. उंदराच्या भ्रूणापासून मिळवलेल्या ३टी३-एल१ नावाच्या पेशी १९७०च्या दशकापासून प्रयोगशाळांत वापरल्या जातात. ठरावीक रसायने दिली की त्या तेलाचे थेंब साठवून मेदपेशी बनतात. सोबत क्वेर्सेटिन घातले, तर ऊर्जेची चणचण ओळखणारे एएमपीके हे विकर जागे होते, मेदपेशी घडवणारे पीपीएआर-गॅमा हे प्रथिन मंदावते आणि थेंब कमी साठतात.

पण बशीतल्या पेशीला ना आतडे असते, ना यकृत. तिथे क्वेर्सेटिनची मात्रा बहुधा १० ते १०० मायक्रोमोलर असते; जेवणातून ते रक्तात पोचते तेव्हा ती १ मायक्रोमोलरच्या आसपासही क्वचितच जाते, आणि तेही रूप पालटून. माणसांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तर वजन लक्षणीय घटल्याचे दिसत नाही. मग अर्क काढून मात्रा वाढवावी, असे कोणी म्हणेल. पण मेदपेशी बनूच न देणे हिताचे आहे का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधनानुसार प्रौढाच्या मेदपेशींची संख्या जवळपास स्थिर राहते. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात, तितक्याच नव्या येतात. वजन उतरले तरी पेशी फक्त आक्रसतात. उलट, ज्यांच्या शरीरात मेदपेशी पुरेशा बनतच नाहीत, त्यांची चरबी यकृतात आणि स्नायूंत साचून मधुमेह बळावतो. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध तर पीपीएआर-गॅमाला चेतवूनच काम करते. चरबीची कोठारे बंद केल्याने धान्य नाहीसे होत नाही. ते ओसरीवर पडते.

मग बशीतल्या पेशींवरचे हे संशोधन वाया गेले का? मुळीच नाही. पेशीत कोणती कळ कुठे आहे, हे ते दाखवते. आणि टरफलातून रंग किंवा अन्न टिकवणारे घटक मिळाले, तर कचऱ्याचे ओझेही हलके होईल. मात्र ‘घरचीच साल, उकळून प्यायली तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद टिकत नाही. काळी बुरशी आणि फवारणीचे अवशेष सालीवरच असतात. टरफलाला मोल आहे, पण ते कारखान्याच्या तराजूत. पोटाच्या घेराचा हिशेब अजून ताटातच मांडावा लागतो.