मुलांच्या गळ्याचं तुणतुणं

वाढदिवसाला आलेला प्लॅस्टिकचा पियानो सेल संपले की माळ्यावर जातो, हा अनुभव तुम्हालाही असेलच. या सुटीत मुलाला हाताशी घेऊन तुणतुणंच बनवा ना! गोंधळात, शाहिराच्या मागे वाजतं तेच. तार एकच, पण सूर धरून ठेवते.

सामान घरातलंच. दूध पावडरचा रिकामा गोल डबा, दोन फुटांची बांबूची काठी, निमुळती लाकडी खुंटी, कोटाचं जाड बटण आणि गळाची तंगूस. खऱ्या तुणतुण्याला बुडाशी कातडं नि पोलादी तार असते. पण तार तुटून उसळली तर डोळ्याला धोका, म्हणून लहानांसाठी तंगूसच बरी.

डब्याच्या बुडाला मधोमध भोक पाडून कड कानशीने घासा, नाहीतर तंगूस तिथेच तुटते. काठी बाहेरून उभी धरून दोन स्क्रूंनी बसवा. बांबूला आधी गिरमिटाने बारीक भोक हवं, एरवी तो चिरतो. (हे काम मोठ्यांचं. ‘हे’ घरी असतील तर पेपर बाजूला ठेवायला लावा!) तंगूस बटणात ओवून गाठ मारा, बटण बुडाबाहेर राहू द्या, दुसरं टोक डब्यातून वर नेऊन खुंटीला गुंडाळा. खुंटी सरकते? खडू घासा. काठी पॉलिशपेपरने घासणं, डबा रंगवणं मात्र मुलाकडे.

आता खरी गोष्ट. माझ्या भाचीला पहिलीत समूहगानाच्या वेळी “तू नुसते ओठ हलव” असं सांगितलं गेलं. पोर घरीसुद्धा गायची थांबली. पेटीची पट्टी बाईंच्या गळ्याला सोयीची होती, तिच्या नव्हे, एवढंच! सहा वर्षांच्या मुलीला बेसूर ठरवायची घाई कशाला? आम्ही उलटं केलं. तिला ‘आ’ म्हणायला लावलं आणि तिचा सूर सापडेपर्यंत खुंटी पिळत गेलो. तार तिच्याजवळ आली तेव्हा तिलाच आधी कळलं. शाळेत ती अजून गात नाही; ओट्याशी बसून मात्र तुणतुण्यावर गुणगुणते.

नायलॉन पहिले काही दिवस ताणत राहतो, सूर उतरतो. रोज थोडी खुंटी पिळावी लागेल. ती मुलालाच पिळू द्या, तुम्ही फक्त ऐका.